बोटभर मूर्ती, केसभर रेघ

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे, शिरढोण, कर्नाळा, खारपाडा, हमरापूर फाटा आणि मग पेण. लहान मूर्ती रंगवण्यात मुरलेले जितके हात या पट्ट्याच्या पेणकडच्या टोकाला आहेत, तितके महाराष्ट्रात दुसरीकडे एका जागी सापडणं कठीण. पनवेलकडच्या टोकाला, नव्या वसाहतींच्या इमारतींत, टेबलावरच्या दिव्याखाली मान घालून परदेशी बनावटीचे योद्धे, ड्रॅगन, चेटकिणी, लांडगे आणि घुबडं रंगवणारी तरुण मंडळीही आता दिसू लागली आहेत. पेणच्या लोकांचं ते पोट आहे, पनवेलच्या मंडळींचा तो छंद. काम तेच, कामाचा क्रम तोच, अडचणीही त्याच. तरी दोघांची गाठ पडत नाही. छंदवाला इंग्रजी व्हिडिओ बघून शिकतो आणि कारागिराला आपल्या हातातलं कसब कुणाला छंद म्हणून हवं असेल याची कल्पनाही नसते. शिरढोण या दोन टोकांच्या मध्ये आहे, म्हणून या सगळ्या प्रश्नाकडे तिथून बघावंसं वाटलं.

प्रश्न असा, की बोटभर आकृत्या रंगवण्याचा हा छंद आपल्याकडे रुजेल का, आणि रुजला तर कशावर? मला वाटतं, तो रुजायला लागणारं जवळजवळ सगळं आपल्याकडे आहे. एकच गोष्ट नाही, ती म्हणजे कोरी मूर्ती. तिच्याकडे मी पुढे येतो.

आधी हा छंद म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाहेरच्या देशांत ज्याला मिनिएचर म्हणतात, ती प्लास्टिकची, धातूची किंवा रेझिनची लहानशी आकृती असते. सर्वांत चालणारं माप २८ ते ३२ मिलिमीटरचं. २८ हा आकडा बहुतेकदा तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, कारण डोक्यावर शिरस्त्राण, तुरा, शिंगं काहीही असू शकतं. आकृती करड्या रंगाची, कोरी आणि पुष्कळदा सुट्या भागांत मिळते. भाग कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, अस्तर द्यायचं आणि मग रंगवायचं. कुणी त्या आकृत्या टेबलावरच्या युद्धखेळात वापरतो, कुणी नुसत्या कपाटात मांडतो. प्राण्यांच्या आकृत्यांची याला लागूनच एक वेगळी शाखा आहे: घोडे, कुत्रे, पक्षी, वन्य प्राणी. तिथे खेळ नसतो, निरीक्षण असतं.

याचा इतिहास फार लांबवायला नको. जर्मनीत न्यूरेंबर्गला कथिलाचे चपटे शिपाई ओतले जात. तिथल्या एर्न्स्ट हाइनरिक्सनने १८३९मध्ये सुरू केलेल्या कारखान्यामुळे ३० मिलिमीटरचं माप रूढ झालं. १८९३मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन कंपनीने आतून पोकळ शिशाचे शिपाई काढले आणि ते स्वस्त झाले. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने १९१३मध्ये अशा शिपायांनी खेळायच्या लढाईचे नियम पुस्तकात मांडले. पुढे अमेरिकेत १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला, इंग्लंडमध्ये १९७५मध्ये गेम्स वर्कशॉप, १९७९मध्ये सिटाडेल मिनिएचर्स, १९८३मध्ये ‘वॉरहॅमर’. १९८७मध्ये गेम्स वर्कशॉपने नुसत्या रंगकामाची ‘गोल्डन डेमन’ ही स्पर्धा सुरू केली. या सगळ्यात आपल्या कामाची बाब एकच आहे. ब्रिटन कंपनीचे शिपाई कारखान्यातच रंगवले जात, पण नंतरच्या कंपन्यांनी आकृती कोरी विकली आणि रंगवणं गिऱ्हाइकावर सोपवलं. छंद जन्मला तो तिथे. रंगाच्या बाटल्या, ब्रश, पुस्तकं, शिकवण्या, स्पर्धा, सगळा पसारा त्या एका व्यापारी निर्णयामागून आला.

आपल्याकडे उलट घडलं. आपण मूर्ती रंगवलेलीच घेत आलो.

दिवाळीच्या किल्ल्याचंच बघा. मातीचा ढिगारा, गेरूचा हात, अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, आणि वर मांडायची चित्रं: सिंहासनावर महाराज, भालदार, तोफेजवळचे मावळे, पाठीवर बोचकं घेतलेला वाणी, गवळण, जात्यावरची बाई, पायथ्याशी वाघ. पुण्याच्या कुंभारवाड्यापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत दिवाळीच्या आधी या चित्रांचे ढीग लागतात. मुलं किल्ला स्वतः बांधतात, तटाला बुरूज काढतात, पाण्याचं टाकं करतात, भुयार करतात. पण मावळा मात्र विकत आणतात, तोही रंगवलेला. मावळ्याचा अंगरखा पांढरा, पटका भगवा, मिशी काळी, गाल गुलाबी, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी शेकड्यांच्या हिशेबात रंगवून टाकलेलं असतं. गावोगाव किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, पण परीक्षक बांधणी बघतात, इतिहास विचारतात, सजावट बघतात. मावळा कुणी रंगवला, हे विचारण्याचं कारणच उरत नाही.

बैलांचीही तीच गोष्ट. बेंदराला पश्चिम महाराष्ट्रात मातीचे बैल पुजतात, विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात. या नंदीला झूल घालणं, शिंगांना बेगड लावणं घरी होतं, पण रंग सुताराच्या किंवा कुंभाराच्या घरूनच येतो. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी आणि फळं लाखेने रंगून येतात. तिथलीच गंजिफा हे तर बोटभर चित्रकलेचं अस्सल उदाहरण आहे. दशावतारी गंजिफेत १० रंगांची प्रत्येकी १२, म्हणजे १२० गोल पानं. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हे अर्धे प्राणी, अर्धे देव लहानशा गोलात बसवायचे. पान तयार करताना कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचं अस्तर, ते घासून गुळगुळीत, मग रंग. आजचा छंदवाला ज्याला प्रायमर म्हणतो ते हेच. ही कला मोडकळीला आली होती. १९७०च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली, नाहीतर आज तिच्याबद्दल आपण भूतकाळातच बोललो असतो.

मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या रंगीत लहान आकृत्या आणि प्रसंगदर्शनं आहेत. वेगवेगळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे, वेशांचे नमुने म्हणून त्या काळी त्या केल्या गेल्या. १८७२मध्ये उघडलेल्या या वास्तूत त्या काचेआड उभ्या आहेत आणि पागोट्याचा पीळ, धोतराची किनार, हातातलं अवजार अशा मापात रंगवलेलं आहे, की जो कुणी २८ मिलिमीटरचा शिपाई रंगवायला बसणार आहे, त्याने आधी एक दुपार तिथे घालवावी.

तरी या सगळ्यापेक्षा शिरढोणच्या माणसाला जवळचं आहे ते पेण.

पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या भागात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. वीतभर घरगुती मूर्तीपासून पुरुषभर मूर्तीपर्यंत सगळं इथे होतं आणि मुंबई-पुण्यासकट देशात आणि परदेशातही जातं. त्यातल्या कित्येक मूर्ती रंग न लावता, कच्च्याच पाठवल्या जातात आणि पुढे त्या त्या गावी रंगतात. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. म्हणजे कोरी मूर्ती आपल्याकडे तयार होते, गाडीत भरून जाते, फक्त ती एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाते. घरी रंगवणाऱ्याच्या दारात ती थांबत नाही.

कारखान्यातली कामाची रीत नीट पाहिली तर छंदाचं अख्खं पाठ्यपुस्तक तिथे उघडं असतं. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासायचे, पॉलिश पेपर फिरवायचा, अस्तराचा पांढरा द्यायचा. मग अंगाचा रंग, बहुतेक ठिकाणी आता स्प्रे गनने. मग पितांबर, शेला, आसन, उंदीर. मग शेडिंग: पोटाच्या कडेला, बोटांच्या मध्ये, सोंडेच्या वळ्यांत गडद छटा. मग दागिन्यांचा सोनेरी. हा क्रम आणि परदेशी छंदवाल्यांचा क्रम यांत फरक नाही. तेही आधी पायाचा रंग देतात, मग पातळ गडद पाण्याने खाचा भरतात, मग उंचवट्यांवर फिकी छटा चढवतात. कारण दोघांना एकच अडचण सोडवायची असते. लहान वस्तूवर खरा उजेड पुरेशी सावली पाडत नाही, म्हणून सावली रंगानेच घालावी लागते. दोन फुटांवरून मूर्तीचं नाक, ओठ, बोटं ओळखू यायची, तर खाच असेल त्याहून खोल आणि उंचवटा असेल त्याहून उजळ दाखवायला हवा.

शेवटी येते ती आखणी. डोळ्यांचं काम. कारखान्यात बाकीची कामं शिकाऊ हातांना मिळतात, आखणी मिळत नाही. ती त्यातल्या जाणत्याकडे असते. आधी डोळ्याच्या जागी पांढरा भरायचा. तो पुरता सुकला की कोपऱ्यांत फिका गुलाबी. मग वरच्या पापणीची रेघ, जाडीने सुरू होऊन टोकाला केसाइतकी होणारी, एका दमात ओढलेली. खालची रेघ त्याहून हलकी. मग बुबुळ, त्यात काळी बाहुली, आणि सगळ्यांत शेवटी उजेडाचा पांढरा ठिपका. हा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडायला हवा. एकात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे पडला, की नजर फुटते आणि मूर्ती बघणाऱ्याकडे बघेनाशी होते. वरच्या पापणीखाली बुबुळ थोडं झाकलेलं हवं, पूर्ण गोल दिसलं तर डोळे वटारल्यासारखे होतात. हात टेकवायला करंगळी मूर्तीच्या गालावर किंवा खांद्यावर ठेवतात, रेघ मनगटातून येते, बोटांतून नाही. जो छंदवाला आपल्या ऑर्क राक्षसाच्या डोळ्यांवरून हैराण झालेला असतो, त्याला या चार वाक्यांत उत्तर आहे. आणि ते हमरापूर फाट्यावर उतरून चालत जाण्याइतकं जवळ आहे.

यात एक अडचण आहे, ती नीट समजून घ्यायला हवी. कारागिराला नगावर पैसे मिळतात. त्याने हात थांबवून कुणाला शिकवायचं, तर त्याचा रोज बुडतो. हे काम करणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत, घरचं आवरून त्या रंगाला बसतात आणि त्यांचं नाव मूर्तीवर कुठेच नसतं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं आणि त्यानंतरचे खटले यांनी या धंद्यावर टांगती तलवार ठेवली. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही, असंही सांगितलं. पाण्याची काळजी रास्तच आहे आणि शाडूकडे वळायलाच हवं. पण ज्या आकृतीचं विसर्जनच व्हायचं नाही, जी वर्षानुवर्षं कपाटात राहायची आहे, तिच्यावर काम करणारं गिऱ्हाईक या कारागिरांना मिळालं, तर त्यांचं कसब एका सणाच्या आणि एका निकालाच्या भरवशावर राहणार नाही. छंदाकडे मी करमणूक म्हणून बघत नाही, त्याचं हे एक कारण.

आता सामानाकडे. इथे छंदवाल्यांमध्ये एक भ्रम आहे, की परदेशी बाटलीशिवाय काम होत नाही. स्पेनच्या वायेहोसारख्या कंपन्यांचे रंग चांगले आहेत, रंगद्रव्य बारीक दळलेलं असतं, थेंबाने मोजता येतात. पण ॲक्रिलिक म्हणजे शेवटी पाण्यात विखुरलेलं प्लास्टिक आणि रंगद्रव्य. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्याने विरघळत नाही. पोस्टर कलर डिंकावर असतो, दुसरा हात दिला की पहिला उठतो. म्हणून पोस्टर कलर नको, ॲक्रिलिक हवा, एवढंच खरं. आणि ॲक्रिलिक आपल्याकडे होतो. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या उद्योगाचा कॅमल रंग महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत पोचला. पुढे २०११मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला आणि तिचा एक कारखाना शिरढोणपासून फार लांब नसलेल्या पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत आहे. हा रंग ताकाइतका पातळ करून दोन-तीन हात दिला, तर आकृतीवरचा बारकावा बुजत नाही. एकाच जाड हातात उरकायला गेलं की नाकाचा शेंडा आणि दाढीचे केस रंगाखाली जातात. नवशिक्यांचं सर्वांत जास्त काम इथेच बिघडतं, आणि त्याला बाटलीची किंमत जबाबदार नसते.

ब्रशबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. बारीक रेघेसाठी मुंगसाच्या केसांचा ब्रश उत्तम, असं अजूनही दुकानात आणि चित्रकलेच्या वर्गात सांगितलं जातं. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याच्या केसांचा ब्रश विकणं आणि बाळगणं गुन्हा आहे. अशा ब्रशमागे मारलेलं मुंगूस असतं. २०१९मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने देशभर छापे घालून असे हजारो ब्रश पकडले. आज सिंथेटिक केसांचे शून्य आणि दोन शून्य नंबरचे ब्रश सर्रास मिळतात आणि टोक धरतात. प्राण्यांच्या आकृत्या रंगवायला मारलेल्या प्राण्याचा ब्रश घ्यायचा, हे कोणत्याही छंदाला शोभत नाही.

आणखी एक सवय सोडायला हवी, ब्रशचं टोक ओठांनी जुळवण्याची. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारा नियम २०१६चा आहे आणि तो नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. पण सुट्या पुड्यांत मिळणाऱ्या पावडरी, जुने डबे, बाजारातले नाव नसलेले सोनेरी-चंदेरी रंग यांत काय आहे, ते डब्यावर लिहिलेलं नसतं. मुलांबरोबर काम करताना तर ओठ नाहीच.

हवेचा मुद्दा पुस्तकांत सापडत नाही, कारण पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात. कोकणातल्या जुलैत स्प्रेचं वॉर्निश मारलं, की दमट हवेमुळे त्यावर पांढुरकं धुकं धरतं आणि महिन्याचं काम पुसट होतं. मे महिन्याच्या दुपारी स्प्रेचा थेंब आकृतीवर पोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात अस्तर आणि वॉर्निश दोन्ही ब्रशनेच द्यावीत, उन्हाळ्यात स्प्रे सकाळी लवकर. पेणचे कारखानदार पावसात मूर्तींच्या रांगांवर बल्ब आणि पंखे लावून बसतात, ते याचसाठी.

आता प्राणी. इथे शिरढोणचं भाग्य मोठं आहे. गावापासून थोड्या अंतरावर कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, १९६८मध्ये घोषित झालेलं, १२ चौरस किलोमीटरच्या आसपासचं. पावसाच्या तोंडाला तिथे तिबोटी खंड्या येतो. उणापुरा १३ सेंटिमीटरचा पक्षी, म्हणजे त्याची खऱ्या मापाची आकृतीसुद्धा तळहातावर मावते. चोच आणि पाय लालभडक पोवळ्याचे, पोट पिवळं, पंख निळे-काळे, पाठीवर आणि डोक्यावर जांभळट तांबूस झाक, मानेच्या बाजूला निळा आणि पांढरा ठिपका. रंगवताना सगळ्यांत मोठी परीक्षा पाठीची. जांभळा रंग घेऊन सरळ फासला तर पक्षी प्लास्टिकचा दिसतो. आधी तांबूस-केशरी द्यायचा, तो सुकल्यावर त्यावर फार पातळ जांभळा पाण्यासारखा सोडायचा, म्हणजे खालचा केशरी वर झिरपतो. पोटाचा पिवळा पांढऱ्या अस्तरावरच द्यायचा, करड्यावर दिला तर तो हिरवट मरगळलेला होतो. पंख शेवटी. आणि चोच ओली दिसायला हवी, म्हणून फक्त तिच्यावर चकचकीत वॉर्निश, बाकी अंगावर मंद. ज्याने हा पक्षी एकदा रंगवला, तो पुढच्या जूनमध्ये कर्नाळ्याच्या ओढ्याकाठी वेगळ्या डोळ्यांनी उभा राहील.

डोळ्यांचं प्राण्यांतही फार महत्त्व आहे आणि तिथे चुका ठरलेल्या असतात. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या वाघाला मांजरीसारखी उभी बाहुली काढतात. वाघाची आणि बिबट्याची बाहुली गोल असते. शेळीची आणि मेंढीची आडवी असते. बिबट्याच्या अंगावर सगळीकडे भरीव ठिपके नसतात, डोकं, मान आणि पाय यांवर ठिपके, पण पाठीवर आणि कुशीवर मध्ये मोकळी जागा असलेली तुटक वर्तुळं असतात, आणि त्या मोकळ्या जागेचा रंग भोवतालच्या कातडीपेक्षा किंचित गडद असतो. जवळजवळ सगळ्या प्राण्यांचं पोट पाठीपेक्षा फिकं असतं. एवढं पाळलं तरी बाजारातल्या प्राण्यापेक्षा घरचा प्राणी जिवंत वाटेल.

प्राणी बघावा कसा, हे शिकायला याच जिल्ह्यात अलिबागजवळ सासवणे आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १८९१मध्ये तिथे जन्मले, घरी गणपती करण्याचं वळण होतं. मातीवर हात तिथे बसला. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्यांनी १९२८चा पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला. पण सासवण्याच्या शिल्पालयात गेल्यावर लक्ष वेधून घेते ती म्हैस. हाडांवर ताणलेली कातडी, मानेच्या वळ्या, बसण्यातला जडपणा. रंगाची मदत न घेता एवढं दाखवता येतं, तर रंग हाताशी असताना आपण किती दाखवायला हवं, याचा अंदाज तिथे येतो. गणपतीच्या घरातून प्राण्याकडे जाणारी वाट रायगडात आधीच पडलेली आहे.

राहिले कल्पित प्राणी. या छंदातला अद्भुताचा भाग परकाच असायला हवा, असं काही नाही. मुरुड-जंजिऱ्याच्या दरवाजावर शरभ कोरलेला आहे, पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दारांवर शरभ, गंडभेरुंड, व्याल दगडात उभे आहेत. वेताळ आहे, मुंजा आहे, नरसिंह आहे, दशावतारातला संकासुर आहे. ड्रॅगन रंगवणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, ड्रॅगनही सुंदर असतो आणि खवल्यांवर कोरडा ब्रश फिरवण्याचा सराव त्याच्याइतका कुणी देत नाही. पण शरभाचा रंग कोणता, हे अजून कुणीच ठरवलेलं नाही. दगडात तो रंगहीन आहे. ज्या छंदवाल्याला कल्पनाशक्ती चालवायची आहे, त्याच्यासाठी ही केवढी मोकळी जागा आहे! वीतभर शरभ, पायाखाली काळा कातळ, त्यावर पावसाळी शेवाळ: हे काम जगातल्या कुठल्याही स्पर्धेत मान वर करून उभं राहील.

अशी आकृती आणायची कुठून, तर आता थ्रीडी प्रिंटर आहे. रेझिनच्या प्रिंटरने पापणीच्या जाडीचा बारकावा उतरतो. त्याचा धोकाही सांगायला हवा, न वाळलेलं रेझिन कातडीला आणि श्वासाला त्रास देतं, हातमोजे आणि वारा खेळता असलेली खोली लागते, आणि धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नसतं. मुलांच्या हाती ते देऊ नये. शिवाय एका साच्यातून शाडूचे पन्नास शरभ काढणारा कारागीर पेणला असताना प्रिंटरचा मोह किती धरायचा, हाही विचार करावा. माझं मत शाडूच्या बाजूने आहे. मातीची आकृती घासता येते, तुटली तर जोडता येते, आणि पैसा जिल्ह्यात राहतो.

शिरढोणात हे सुरू करायला विषय शोधावा लागत नाही. वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावात जन्मले, त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. गावातल्या मुलांनी दिवाळीत रायगड-प्रतापगड जरूर करावेत, पण कर्नाळा तर घरचा किल्ला. त्याचा अंगठ्यासारखा सुळका, सुळक्याला लटकलेली आग्या माशांची पोळी, पायथ्याच्या खोदीव टाक्या आणि कोठारं, हे सगळं प्रतिकृतीत फार देखणं दिसेल. सुळक्यासाठी काळपट करडा, वरून फिकट करड्याचा कोरडा हात, सावलीच्या बाजूला थोडा हिरवा. खाली रानात खंड्या, शेकरू, भेकर. आणि १८१८च्या आधीचा गडकरी, मुलाने स्वतः रंगवलेला. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात रायगड जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत. कर्नाळा त्यात नाही. म्हणून तर त्याला कुणीतरी आपल्या अंगणात उभं करायला हवं.

शिकवायच्या जागाही आहेत. महामार्गावरच तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे, ग्रामोद्योगांची जुनी संस्था, तिथे कुंभारकामालाही जागा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, पनवेलमध्ये वाचनालयं आहेत. गणपती झाल्यावर आणि नव्या हंगामाचं रंगकाम जोरात येण्याआधी पेणच्या कारागिरांना जे थोडे मोकळे आठवडे मिळतात, ते नेमके दिवाळीच्या तोंडावरचे असतात. वेळापत्रक आपोआप जुळतं.

तेव्हा वाचकांना सांगणं एवढंच. या वर्षी दिवाळीच्या आधी हमरापूर-जोह्याच्या एखाद्या कारखान्यात जा आणि रंगवलेले नकोत, कच्चे मावळे, कच्चे बैल, कच्चे वाघ करून द्याल का, असं विचारा. पंचवीस-तीस घरांनी मिळून मागितले तर साचा करणं कारागिराला परवडेल. त्यातल्याच एका आखणीवाल्या बाईंना किंवा दादांना दिवसभरासाठी मुलांसमोर बसवा. किल्ल्यांच्या स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी स्वतः रंगवलेल्या चित्रांसाठी वेगळं बक्षीस ठेवावं. आणि शिकवणाऱ्याला हार-नारळाबरोबर त्या दिवसाची मजुरीही द्या, ती नगाच्या हिशेबाने नाही, शिक्षकाच्या मानधनाच्या हिशेबाने.